बघ्यांचे पर्यटन, यजमानांची भूमी

विशाखापट्टणमहून सकाळी निघालेली किरंदुलची गाडी पूर्व घाट चढू लागली, की डब्यातील सारी माणसे खिडक्यांकडे धावतात. बोगद्यामागून बोगदा येतो आणि प्रत्येक बोगद्यानंतर खाली एक नवी दरी उघडते. एखादा धबधबा क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. २०१७ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना या गाडीला काचेच्या छताचा डबा जोडण्यात आला आणि अराकूच्या खोऱ्याचे नाव देशभरातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सहलींच्या यादीत वर गेले. नागपूर-पुण्याकडची कुटुंबेही आता दिवाळीच्या सुटीत या वाटेला लागतात. दोन दिवसांत बोर्रा गुहा, कटिकीचा धबधबा, चापराईची खडकावरून घसरत जाणारी धार, वनवासी संग्रहालय, संध्याकाळी निवासस्थानाच्या अंगणात धिम्सा नृत्य आणि परतताना पिशवीत कॉफीची पाकिटे, असा हा ठरलेला कार्यक्रम असतो.

हा मार्ग मुळात प्रवाशांसाठी बांधलेला नाही, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. बस्तरमधील बैलाडिलाचे लोहखनिज विशाखापट्टणम बंदरातून जपानला पाठवता यावे, म्हणून गेल्या शतकाच्या सातव्या दशकात जपानच्या साहाय्याने हा लोहमार्ग उभा राहिला. डोंगर फोडले गेले, वस्त्यांच्या मधून रूळ गेले आणि आजही खनिजाने भरलेल्या मालगाड्या याच उतारावरून समुद्राकडे जातात. डोंगरातून खाली उतरते ती संपत्ती आणि खालून वर चढतो तो बघ्या, असा हा व्यवहार आहे. या दोन्ही व्यवहारांत डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाचे स्थान कोणते, हा प्रश्न काचेच्या छताखाली बसलेल्याला सहसा पडत नाही. तो पडला पाहिजे. कारण गेल्या काही वर्षांत पर्यटनाच्याच नावाने या माणसाच्या पायाखालच्या जमिनीचा विषय पुन्हा एकदा चर्चेला आणला गेला आहे.

‘शोध’ कोणी लावला?

बोर्रा गुहांपाशी पोहोचलेल्या प्रवाशाला जे पहिले वाक्य ऐकवले जाते, त्यापासूनच आरंभ करावा. १८०७ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग नावाच्या इंग्रजाने या गुहांचा ‘शोध लावला’, असे पर्यटन-पुस्तिकांतून वर्षानुवर्षे छापले जात आहे आणि मार्गदर्शक तेच पाठ म्हणून दाखवतात. ज्या सर्वेक्षण संस्थेचे नाव या वाक्यात येते, ती संस्था स्थापन झाली १८५१ साली! म्हणजे संस्थेच्या जन्माआधी चव्वेचाळीस वर्षे तिचा अधिकारी गुहा शोधत होता, असे हे अजब विधान आहे. आणि ते तपासून पाहण्याची गरज कोणालाही वाटलेली नाही. साहेबाचे नाव आले की आपली चिकित्सा तेथेच संपते, याचे याहून लहान आणि याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

परिसरातील गावकरी या गुहेविषयी वेगळी कथा सांगतात. चरायला गेलेली एक गाय गुहेच्या छतावरील छिद्रातून आत पडली. तिला शोधत गुराखी आत उतरला, तेव्हा त्याला शिवलिंगासारखा पाषाण दिसला. गाय वाचली ती महादेवाच्या कृपेने, अशी श्रद्धा रूढ झाली आणि गुहेत पूजा सुरू झाली. महाशिवरात्रीला आजही येथे यात्रा भरते. गुहेतून वाहणाऱ्या नदीचे नाव गोस्थनी. कथेतील गाय आणि नदीचे नाव यांचा संबंध लोकमानसाने केव्हाच जुळवून ठेवला आहे. हीच नदी पुढे विशाखापट्टणमच्या मैदानाला पाणी देते. एका बाजूला तारखेचाही मेळ न बसणारा ‘शोध’ आणि दुसऱ्या बाजूला नदीच्या नावात, यात्रेत आणि गुराख्याच्या कथेत जिवंत असलेली ओळख. यांतील पहिल्याला इतिहास म्हणायचे आणि दुसरीला दंतकथा म्हणून सोडून द्यायचे, ही आपल्या सुशिक्षितांची सवय आहे. ज्याच्या घराचा ‘शोध’ दुसऱ्याने लावला असे मान्य केले जाते, त्याचा त्या घरावरील हक्क पुसणे पुढे फारसे कठीण राहत नाही. म्हणून हा केवळ एका चुकीच्या सनावळीचा मुद्दा नव्हे.

दृश्य की कुटुंब?

अराकूच्या आठवडी बाजारात उभे राहिले तर जे ऐकू येते, ते दुसऱ्या कोणत्याही बाजारात क्वचितच ऐकू येईल. कोंडदोरा, बगता, वाल्मीकि, कोटिया, पोरजा, गदबा, खोंड अशा अनेक जमातींची माणसे येथे नाचणी, हळद, आले, राजमा घेऊन येतात. त्यांच्यातील काही कोटिया-ओडियासारखी आर्यकुळातील बोली बोलतात, काहींच्या कुवीसारख्या भाषा द्राविड कुळातील आहेत, तर गदबांच्या एका शाखेची गुतोब ही भाषा मुंडा कुळातील आहे. मराठी माणसाने येथे थोडे थांबायला हवे. गुतोबचे दूरचे नाते मेळघाटातील कोरकू भाषेशी आहे. कारण कोरकूही मुंडा कुळातीलच. गदबांच्याच दुसऱ्या शाखेची ओल्लारी ही भाषा तर यवतमाळच्या कोलामांच्या भाषेची सख्खी बहीण मानावी, इतकी तिच्या जवळची आहे. सहलीला आलेल्या विदर्भातील कुटुंबाच्या शेजारच्या जिल्ह्यातील नातेवाईकच जणू या बाजारात बसलेले असतात. आणि हे कुटुंब त्यांच्याकडे परग्रहावरील प्राणी पाहावे तसे पाहत असते.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खोऱ्यातील उतार पिवळ्या फुलांनी भरून जातात. त्या फुलांत उभे राहून छायाचित्रे काढण्यासाठी अक्षरशः झुंबड उडते. ही फुले कसली, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. तेलुगूत ज्यांना वलिसलु म्हणतात, ते आपले कारळे होत. ज्या घरात कारळ्याची चटणी नित्य पानात वाढली जाते, त्या घरातील माणसाला कारळ्याचे शेत ओळखता येऊ नये आणि ते एखाद्या वनवासी शेतकऱ्याच्या वर्षाच्या तेलाचे पीक आहे हे न कळता त्याने ते तुडवावे, हे कशाचे लक्षण मानायचे? शेतकऱ्याने शेवटी बांधावर दोरी लावली आणि आत शिरण्याचे चार पैसे मागायला सुरुवात केली, तर ‘इथेही व्यापार शिरला’ म्हणून नाक मुरडणारे हेच! पीक त्याचे, नुकसान त्याचे आणि निरागस राहण्याची जबाबदारीही त्याचीच.

धिम्सा नृत्याचेही तेच. चैत्रात इटिकल पंडुग नावाचा सण येतो. गावातील पुरुष शिकारीला निघतात. स्त्रिया एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफून मोठी साखळी करतात आणि वाद्यांच्या तालावर तासन्‌तास पावले टाकतात. लग्नातही हेच नृत्य असते. त्यात प्रेक्षक असा कोणी नसतोच. गावातील प्रत्येक जण नाचणारा किंवा वाजवणारा असतो. तेच नृत्य निवासस्थानाच्या हिरवळीवर, जेवणाआधीच्या वीस मिनिटांत, खुर्च्यांच्या रांगांपुढे येते, तेव्हा पावले तीच असली तरी त्यातील गाव नाहीसे झालेले असते. पैसे घेऊन कला सादर करण्यात काहीही कमीपणा नाही. आपले शाहीर आणि कीर्तनकारही बिदागी घेतात. पण शाहिराला आपण नावाने बोलावतो, मानाने बसवतो, त्याचे ऐकतो. धिम्सा करणाऱ्या चमूतील एकाही स्त्रीचे नाव कोणी विचारत नाही. तिच्यासोबत छायाचित्र मात्र प्रत्येकाला हवे असते. फरक आहे तो येथे.

डोंगरावर आलेली दोन प्रकारची माणसे

मैदानातून डोंगरावर जाणारा माणूस काही आजच निर्माण झालेला नाही. इतिहासात त्याचे दोन नमुने स्पष्ट दिसतात. पहिला नमुना सावकाराचा. मीठ, कापड आणि थोडी उसनवारी घेऊन तो वर गेला आणि काही वर्षांत त्याच्या वहीत गावेच्या गावे आली. त्याच्या पाठोपाठ इंग्रजांची राजवट आली. १८८२च्या मद्रास वन कायद्याने ज्या जंगलात वनवासी पिढ्यान्‌पिढ्या पोडू म्हणजे फिरती शेती करीत होते, त्यात त्यांनाच गुन्हेगार ठरवले. घाटातील रस्ते बांधण्यासाठी त्यांना वेठीला धरले. जंगल सरकारचे, रस्ता सरकारचा आणि घाम तेवढा गिरिजनांचा, अशी ती वाटणी होती.

दुसरा नमुना अल्लुरी सीताराम राजू यांचा. हेही मैदानातील, संन्यस्त वृत्तीचे तरुण. डोंगरावर गेले ते काही घेण्यासाठी नव्हे. वनवासींमध्ये राहिले, त्यांची गाऱ्हाणी ऐकली, त्यांना दारूपासून दूर राहायला आणि आपले तंटे आपल्याच पंचायतीत सोडवायला सांगितले. पुढे २२ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली चिंतपल्लीच्या पोलीस ठाण्यावर छापा पडला, शस्त्रे हस्तगत झाली आणि रम्पाचा उठाव सुरू झाला. गाम गंटम दोरा आणि गाम मल्लू दोरा हे वनवासी बंधू त्यांचे प्रमुख सहकारी होते. ७ मे १९२४ रोजी कोय्यूरुजवळ राजूंना पकडून गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडलेली नव्हती. गाम मल्लू दोरा अंदमानच्या काळ्या पाण्यावर गेले आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेत विशाखापट्टणममधून खासदार म्हणून निवडून आले. २०२२ साली या भागाचा नवा जिल्हा झाला, तेव्हा त्याला अल्लुरी सीताराम राजू यांचे नाव देण्यात आले. पाडेरु हे त्याचे मुख्यालय आणि अराकू त्याच जिल्ह्यात येते.

अराकूला जाणारा प्रत्येक प्रवासी राजूंच्या नावाच्या जिल्ह्यात पाऊल टाकतो. त्याने स्वतःला एवढेच विचारावे, की आपण या दोन नमुन्यांपैकी कोणाच्या मागून डोंगर चढत आहोत?

१/७० : एका कायद्याची गोष्ट

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, कायद्याचाही आहे. अराकूचे खोरे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्र आहे. सावकारी पाशातून जमिनी वाचाव्यात म्हणून इंग्रजांच्याच काळात, १९१७ साली, एजन्सी भागासाठी जमीन-हस्तांतरावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला होता. पळवाटा काढून तो निष्प्रभ केला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली आंध्र प्रदेशने नवा विनियम आणला आणि १९७० साली त्यात निर्णायक दुरुस्ती केली. तीच ‘१/७०’ या नावाने डोंगरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. तिचे सार थोडक्यात असे : अनुसूचित क्षेत्रातील जमीन कोणीही, मग तो वनवासी असो वा नसो, गिरिजनेतराला हस्तांतरित करू शकत नाही, केलीच तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. जमीन गिरिजनेतराच्या ताब्यात असेल, तर ती मूळची वनवासीचीच होती, असे गृहीत धरून पुढे चालायचे.

या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान दिले गेले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्यानंतर जुलै १९९७मध्ये ‘समता’ खटल्याचा निकाल लागला. बोर्रा गुहांच्याच परिसरातील, अनंतगिरी भागातील खाणपट्टे खासगी कंपन्यांना दिल्याविरुद्धचा हा खटला होता. सरकारसुद्धा या विनियमाच्या अर्थाने ‘व्यक्ती’च आहे, म्हणून अनुसूचित क्षेत्रातील सरकारी जमीनही खासगी खाणकंपनीला भाडेपट्ट्याने देता येणार नाही, असे न्यायालयाने बहुमताने सांगितले. म्हणजे आज प्रवासी ज्या गुहेत कुटुंबासह छायाचित्रे काढतो, तिच्या आजूबाजूची टेकडी खाणीत गेली नाही, याचे श्रेय या कायद्याला आणि तो लढवणाऱ्या गावकऱ्यांना आहे. पुढे बॉक्साइटचे प्रकरण आले. २०१५ साली राज्य सरकारने चिंतपल्ली परिसरातील वनजमीन बॉक्साइट खाणीसाठी देण्याचा आदेश काढला. डोंगरात प्रखर विरोध झाला आणि २०१९ साली तो आदेश रद्द करावा लागला. डोंगरमाथ्यावरील बॉक्साइटचा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि झरे बारमाही ठेवतो, हे गावकरी अनुभवाने जाणत होते. धबधबे पाहायला जाणाऱ्याने धबधब्याला पाणी कोठून येते, हेही जाणून घ्यायला हवे.

आता हल्ला वेगळ्या दारातून येतो आहे. खाण कुरूप दिसते. पर्यटन सुंदर दिसते. २०२५च्या प्रारंभी विशाखापट्टणममधील एका पर्यटनविषयक बैठकीत राज्यातील एका उच्चपदस्थाने पर्यटनवाढीसाठी १/७०मध्ये दुरुस्ती व्हावी, असे सुचवले. फेब्रुवारीत संपूर्ण एजन्सी भागात बंद पाळला गेला. अखेर मुख्यमंत्र्यांना, हा कायदा रद्द होणार नाही, असे जाहीर करावे लागले. प्रकरण त्या दिवसापुरते मिटले. पण ज्यांनी खाणीच्या वेळी कायदा वाचवला, त्यांना पर्यटनाच्या वेळी पुन्हा रस्त्यावर यावे लागले, याची नोंद सहल आखणाऱ्या मध्यमवर्गाने घ्यायला हवी. कारण कायद्यात दुरुस्तीची मागणी होते ती त्याच्याच सोयीचे नाव पुढे करून. कायदा शाबूत असतानाही बेनामी व्यवहारांची वाट रोज चोखाळली जाते. कागद स्थानिकाच्या नावाचा, पैसा आणि नफा मैदानातील माणसाचा. कागदावर जो मालक असतो, तो प्रत्यक्षात आपल्याच जमिनीवरील इमारतीत पाहुण्यांच्या पिशव्या उचलत असतो.

‘विकास अडतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

या कायद्याविरुद्ध नेहमी मांडला जाणारा युक्तिवाद असा, की जमीन विकता येत नाही, म्हणून भांडवल येत नाही. भांडवल येत नाही, म्हणून डोंगर मागास राहतो. वरवर हा युक्तिवाद सयुक्तिक वाटतो. त्याचे उत्तर पुस्तकात शोधण्याची गरज नाही. अराकूच्या उतारावरच ते पिकते आहे.

पूर्व घाटात कॉफी इंग्रजांनी आणली. पण ती गिरिजनांच्या घरी पोहोचली ती स्वातंत्र्यानंतर. गिरिजन सहकारी महामंडळ, कॉफी मंडळ, पाडेरुची एकात्मिक वनवासी विकास यंत्रणा आणि पुढे सहकारी तत्त्वावर उभे राहिलेले शेतकऱ्यांचे संघ यांनी ती पसरवली. येथील कॉफी म्हणजे शेकडो एकरांचा मळा आणि त्यावर राबणारे मजूर असे चित्र नाही. लाखाहून अधिक कुटुंबांची एक-दोन एकरांची शेते आहेत. सिल्व्हर ओकच्या उंच झाडांच्या सावलीत अरेबिका वाढते, त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. हिवाळ्यात लाल झालेली फळेच तेवढी हाताने निवडून खुडली जातात. ज्या उतारावर पूर्वी पोडूसाठी झाड तोडावे लागे, त्याच उतारावर आता झाड राखले तरच पीक येते. जंगल आणि शेती यांचे शतकभराचे भांडण येथे कायद्याच्या बडग्याने नव्हे, तर एका पिकाने बऱ्याच अंशी मिटवले.

आणि या शेतकऱ्यांनी काय मिळवले? २०१७ साली अराकूच्या कॉफीचे दुकान थेट पॅरिसमध्ये उघडले. २०१९ साली ‘अराकू व्हॅली अरेबिका’ला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली दिल्लीतील जी-२० परिषदेला आलेल्या जगभरच्या राष्ट्रप्रमुखांना भारताने दिलेल्या भेटींत ही कॉफी होती. हे सारे एकही एकर बाहेरच्याला न विकता घडले. जमीन हातात राहिली, म्हणूनच घडले. जमीन विकली गेली असती, तर तीच कॉफी पॅरिसला गेली असती, पण शेतकरी मजूर होऊन मागे उरला असता. संकटेही या शेतकऱ्याच्या वाट्याला येतात. २०२५च्या पावसाळ्यात फळ पोखरणारी कीड खोऱ्यात दिसून आली आणि बाधित मळ्यांतील फळे खुडून नष्ट करावी लागली. अशा वेळी टिकून राहतो तो ज्याची जमीन स्वतःची आहे तो; उद्याचे पीक हे त्याचेच असते.

मग डोंगरात कशाचीच उणीव नाही काय? आहे, आणि ती लाजिरवाणी आहे. काचेच्या छताची गाडी जेथून जाते, त्याच जिल्ह्यातील कितीतरी पाड्यांतून अडलेल्या बाळंतिणीला आजही बांबूच्या डोलीत घालून चार माणसे मैलोन्‌मैल डोंगर उतरतात. काही जणी वाटेतच बाळंत होतात. काही परत येत नाहीत. २०२३ साली सर्वांत मागे राहिलेल्या जमातींसाठी केंद्राने पीएम-जनमन योजना सुरू केली. २०२५ साली राज्याने ‘अडवि तल्लि बाट’ म्हणजे ‘वनमातेची वाट’ या नावाने पाड्यांपर्यंत रस्ते नेण्याचे काम हाती घेतले. ही योग्य दिशा आहे. प्रवाशांच्या निवासांसाठी कायदा बदलण्याची जेवढी घाई आहे, त्याच्या दशांश घाई या वाटांसाठी दाखवली गेली, तर विकासाचा प्रश्न बराच सुटेल. डोंगराचा विकास अडला आहे तो वाटेअभावी, शिक्षकाअभावी, वैद्याअभावी. विक्रीच्या परवान्याअभावी नव्हे.

दोन्ही टोके सारखीच

येथे दुसऱ्या एका पंथाचाही समाचार घेणे आवश्यक आहे. हा पंथ वनवासीला जसाच्या तसा ठेवू पाहणाऱ्यांचा. त्यांना रस्ता नको, वीज नको, पक्के घर नको. कारण त्यामुळे म्हणे ‘मूळ संस्कृती’ नष्ट होते. गदबा स्त्रीने पट्ट्यापट्ट्यांचे पारंपरिक वस्त्र आणि गळ्यातील धातूची वळी सोडून साधी साडी नेसली, तर यांना हळहळ वाटते. स्वतःच्या आजीचे नऊवारी लुगडे केव्हाच पेटीत गेले, याचे मात्र यांना काही वाटत नाही. माणसाला संग्रहालयातील काचेआड ठेवू पाहणारा आणि माणसाला जमिनीवरून उठवू पाहणारा, हे दोघे वरवर विरोधक दिसतात. मुळात दोघांची दृष्टी एकच आहे. दोघांच्याही लेखी डोंगरावरील माणूस ही एक वस्तू आहे. एकाला ती जपायची आहे, दुसऱ्याला ती हलवायची आहे. तिचे मत विचारण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. कोणती परंपरा राखायची आणि कोणती सोडायची, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाचा आहे, जसा तो आपण आपल्या घरात निःशंकपणे वापरतो.

घरी जाणाऱ्याची रीत

तेव्हा अराकूला जाऊ नये काय? अवश्य जावे. सहकुटुंब जावे, मुलांना न्यावे. देशाचा भूगोल पायांनी शिकण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. पण बघ्या म्हणून न जाता पाहुणा म्हणून जावे. पाहुण्याची एक रीत असते, आणि ती आपल्या घरांत अजून शाबूत आहे.

पाहुणा यजमानाचे नाव विचारून मगच उंबरठा ओलांडतो. म्हणून निवास ठरवताना ही जागा कोणाच्या मालकीची आहे, कोण चालवतो, हे विचारले पाहिजे. स्थानिक वनवासी कुटुंबाचे किंवा सहकारी संस्थेचे घर मिळत असेल, तर दोन सोयी कमी असल्या तरी तेथेच उतरले पाहिजे. पाहुणा न विचारता कोणाच्या मुलाबाळांची छायाचित्रे काढत नाही. तो यजमानाच्या शेतात पाय ठेवण्याआधी पीक कोणते, हे विचारतो. चापराईच्या खडकावर तो प्लास्टिक टाकत नाही. बांबूत शिजवलेल्या कोंबडीच्या मांसाची चव घेणाऱ्याने त्याच हातगाडीवाल्याला, त्याच्या पाड्यावर शाळा आहे का, हेही विचारावे. कॉफी घ्यायची तर शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची किंवा गिरिजन महामंडळाची घ्यावी. मधल्या दलालाला दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील. गुहेतील मार्गदर्शकाने ‘इंग्रजाने शोध लावला’ म्हटले, तर नम्रपणे थांबवून गुराख्याची आणि गायीची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकावी. तो ती अधिक आनंदाने सांगेल.

आणि घरी परतल्यावरही पाहुण्याचे कर्तव्य संपत नाही. ज्याच्या घरचे अन्न खाल्ले, त्याच्या घरावर संकट आले तर पाहुणा गप्प बसत नाही. उद्या पुन्हा कोणी ‘प्रवाशांच्या सोयीसाठी’ म्हणून १/७० सैल करण्याची भाषा काढेल, तेव्हा ती भाषा ज्यांच्या नावाने बोलली जाते त्या प्रवाशांनीच उठून सांगायला हवे, की आमच्या सोयीसाठी कोणाच्या जमिनीची किंमत नको. वनवासी हा आपला बांधव आहे, हे वाक्य व्यासपीठावरून गेली अनेक वर्षे उच्चारले जात आहे. त्या वाक्याची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती अराकूच्या एखाद्या बांधावर होते, जेथे सहलीला आलेला माणूस कारळ्याच्या फुलांत पाय टाकण्याआधी थबकतो आणि शेतकऱ्याकडे पाहून विचारतो, “येऊ का?”